सोनुबाईची उभी गाडी

चौक गाव मागे पडून बराच वेळ झाला होता. हमरस्त्याच्या कडेला एक टँकर उभा होता. त्याच्या आडोशाला सोनुबाई थांबल्या, चपला काढल्या, तळाला तळ लावून पिशवीत टाकल्या आणि पुन्हा चालायला लागल्या.

"आत्तापासून अनवाणी?" हर्षलानं विचारलं. "अजून खालापूरसुद्धा आलं नाही, काकी."

"घरापासनं नाय, चौकापासनं बोलले होते. बोलतानाच ढील ठेवलीवती. जरा पुढंच आले, ते मोजून घेईल देव."

"डांबर गार आहे. पाय दुखतील."

"मग काय मऊ पायजे? नवस हाय का सहल हाय?"

माघी चतुर्थी होती. लोधिवलीहून महडच्या गणपतीला पायी जायचं म्हणजे निम्मी सकाळ जाते. दोघी अंधार सरता सरता निघाल्या होत्या. धुकं होतं. गाड्यांचे दिवे आधी दिसत आणि आवाज मागून येई. सोनुबाई पुढे, हर्षला मागे, अशा एका रांगेत त्या रस्त्याच्या पांढऱ्या पट्टीच्या बाहेरून चालल्या होत्या. मागून ट्रक आला की सोनुबाई न बघता हात मागे करत आणि हर्षलाला आत ओढत.

हर्षला म्हणजे हे लिहिणारीच. पण गोष्ट सोनुबाईंची आहे, म्हणून तिनं स्वतःला दुसऱ्याच कुणासारखं ठेवलं आहे. ती मूळची कर्जतची, लोधिवलीत दिलेली, तिथल्याच अंगणवाडीत काम करते. सोनुबाई तिच्या शेजारी. दोन घरांच्या मध्ये एक शेवग्याचं झाड आणि कपडे वाळत घालायची तार आहे, बाकी काही नाही.

नवस होता तो गाडीचा. सोनुबाईंचा मुलगा देवेश परदेशात आहे आणि त्याची विजेवरची गाडी सोनुबाईंच्या दारात उभी आहे. ती गाडी दसऱ्यापासून माघापर्यंत रोज त्याच्या मोबाईलवर दिसत राहिली पाहिजे, असा तो नवस. गणपतीला आजवर लोकांनी पुष्कळ काही मागितलं असेल, पण हे बहुधा पहिल्यांदाच. त्यामागे कारण होतं. एक दिवस जरी गाडी दिसली नसती, तरी सोनुबाईंना घर बंद करून पनवेलला मुलीकडे राहायला जावं लागणार होतं. कायमचं.

सोनुबाई साठीच्या आत-बाहेर असतील. नक्की त्यांनाही ठाऊक नाही. लग्नानंतरची बरीच वर्षं त्यांची भिवपुरीला वीजघराच्या चाळीत गेली. नवरा, गोमा, तिथं वायरमन होता. क्वार्टरला दिवा कधी जात नसे आणि पाण्याचा आवाज कधी थांबत नसे. नवऱ्यानं एकच शिकवलं, ओल्या हातानं बटनाला शिवायचं नाही. ते त्यांनी असं पाळलं की आजही मिक्सर लावण्याआधी त्या हात पुसतात आणि पुसलेले हात पुन्हा एकदा पदराला लावतात. निवृत्त झाल्यावर गोमानं लोधिवलीच्या आपल्या जागेत स्लॅबचं घर बांधलं आणि दोन वर्षांत तो गेला. तेव्हापासून सोनुबाई एकट्या. भात धाकटा दीर पदू करतो, भातानंतरचे वाल सोनुबाई स्वतः करतात. शेंगा आल्या की एक पिशवी पनवेलला लेकीकडे, जागृतीकडे, एक हर्षलाकडे. एकटेपणाबद्दल त्यांना कुणी विचारलं तर म्हणतात, "एकटी कुठं, घर हाय ना."

देवेश चाकणला कंपनीत होता. त्यानं गाडी घेतली आणि चार-सहा महिन्यांत कंपनीनं त्याला दोन वर्षांसाठी हंगेरीला पाठवलं. लोक म्हणाले विकून टाक. त्याचा जीव होईना. त्यानं ती आणून आईच्या दारात, पत्र्याच्या शेडमध्ये उभी केली. विजेची गाडी नुसती उभी ठेवून चालत नाही, तिची बॅटरी फार उतरू द्यायची नाही आणि फार भरूनही ठेवायची नाही, म्हणून तिकडून त्याला लक्ष ठेवायचं होतं. गाडीत कंपनीनं घातलेलं सिम होतं, पण पत्र्याखाली त्याला रेंज येईना. मग देवेशनं घरात वायफाय घेतलं, शेडला लागून असलेल्या खिडकीत राउटर ठेवला आणि गाडी त्याला जोडून दिली. आता हंगेरीत बसून त्याला मोबाईलवर सगळं दिसायचं. चार्ज किती आहे, वायर लावलेली आहे का, कुठलं दार उघडलं, कधी उघडलं. दर रविवारी पदूनं गाडी चौकापर्यंत फिरवून आणायची. सोनुबाईंना काम एकच.

"आई, खिडकीतल्या त्या डबीचं बटन बंद करायचं नाही. बस."

"नाय करत."

आणि त्यांनी केलंही नाही. उलट त्या गाडीत बसायला लागल्या. हमरस्ता घराच्या मागून जातो, दिवसरात्र घरघर चालू. जपाला बसलं की माळेचे मणी हातात आणि कान ट्रककडे, असं वर्षानुवर्षं चाललेलं. एकदा त्या फडक्यानं गाडी आतून पुसत होत्या आणि दार आपसूक मागे आलं. बाहेरचा आवाज एकदम बंद. सोनुबाई तशाच बसून राहिल्या. दुसऱ्या दिवसापासून पहाटे अंघोळ झाली की त्या शेडमध्ये जात, मागचं दार उघडून आत बसत, दार ओढून घेत आणि माळ पुरी करून बाहेर येत. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंही नव्हतं.

मग खंडेनवमी आली.

त्या दिवशी त्यांच्याकडे घरातली सगळी हत्यारं धुऊन-पुसून देवापुढे मांडतात. कोयता, विळा, पारय म्हणजे लोखंडी पहार, गोमाची वायर कापायची पकड. नवमीला ठेवली की दसऱ्याला पूजा होऊन, संध्याकाळी सोनं लुटून आलं की मगच त्यांना हात लावायचा. वर्षभर राबलेल्या वस्तूला तेवढी विश्रांती. सोनुबाई पाटापुढे बसल्या आणि त्यांच्या मनात आलं, यंदा या घरात सगळ्यात जास्त राबलं कोण? कोयता तर आषाढापासून खुंटीलाच होता. मग त्यांनी खिडकीतला राउटर काढला. गाडीची चार्जिंगची वायर काढली, पुसली, गुंडाळली. मोबाईल बंद केला आणि तोही पाटावर ठेवला. राउटर ओल्या फडक्यानं पुसायचा नाही हे त्यांना भिवपुरीपासून ठाऊक होतं, म्हणून कोरड्यानं पुसला. मागे एक बारीक भोक होतं, त्यात बसलेली धूळ खिडकीत दिवे चालू असतानाच दिसली होती. तेव्हाच उदबत्तीची जळून राहिलेली काडी घेऊन त्यांनी ते भोक नीट दाबून साफ केलं होतं. सगळ्यांना हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. शेडमध्ये जाऊन गाडीलाही माळ घातली आणि हात जोडले. आता दसरा होईपर्यंत तिलाही विश्रांती, म्हणून दसऱ्याच्या सकाळचा जप त्यांनी घरातच केला.

तिकडे हंगेरीत देवेशच्या मोबाईलवर गाडी दिसेनाशी झाली. आधी त्याला वाटलं लाईट गेली असेल. सकाळी बघितलं, तरी नाही. आईला फोन लावला, बंद. पुन्हा लावला, बंद. मग त्यानं हर्षलाला लावला.

हर्षला दसऱ्याला माहेरी कर्जतला होती. "मी कालपासून इकडे आहे," ती म्हणाली. "परवा बघितलं होतं काकींना. खोकत होत्या जरा."

यातला शब्द न् शब्द खरा होता. पण खोकल्याचं ऐकून देवेश घाबरला. त्यानं पदूला फोन केला, पनवेलला जागृतीला केला. पदू धावत आला. पुढच्या दाराला आतून कडी. हाका मारल्या, उत्तर नाही. त्यानं आपल्या घरून पारय आणली आणि कडी उचकटली. आत कुणी नव्हतं. देवघरात समई शांतपणे जळत होती आणि पाटावर राउटर, वायर आणि मोबाईल झेंडूच्या फुलांखाली ओळीनं बसले होते. पदूला काही समजेना. तो ओट्यावर डोकं धरून बसला. तेवढ्यात जागृती रिक्षातून उतरली ती रडतच. मग आळी जमली.

सोनुबाई मागच्या दारानं गेल्या होत्या, गावदेवीला. दसऱ्याचं भजन होतं, ते लांबलं. परत आल्या त्या हातात आपट्याची पानं घेऊन. आपल्या दारात एवढी माणसं बघून त्यांना आधी वाटलं, पदूच्या घरी काही झालं. मग त्यांचं लक्ष कडीकडे गेलं.

"ही कुणी तोडली?"

"मी, वैनी," पदू म्हणाला.

"कशानं?"

"पारयीनं."

"दसऱ्याच्या दिवशी पारय उचललीस? पूजा तरी केलीवती का तिची?"

जागृती आईच्या गळ्यात पडली. सोनुबाईंना एका हातानं तिला थोपटावं लागलं, कारण दुसऱ्या हातात पानं होती आणि ती खाली ठेवायची नव्हती.

पदूच्या फोनवरून देवेश बोलला. तो आधी ओरडला, मग रडला, मग पुन्हा ओरडला. त्या ओरडण्यातच त्याच्या तोंडून निघून गेलं, "रोज सकाळी गाडीचं मागचं दार उघडतं, मला दिसतं, मला कळतं आई उठली. आज उघडलं नाही तर मी काय समजू?"

सोनुबाईंनी फोन पदूच्या हातात परत दिला. लोकांना वाटलं त्यांना भरून आलं. तसं नव्हतं. पुढे एकदा त्या हर्षलाला म्हणाल्या, "मी तिथं देवाचं नाव घ्यायला बसते गं. तो तिकडं बसून दार मोजत होता."

त्या रात्री भावाबहिणीचं ठरलं. आईनं एकटं राहायचं नाही. जागृतीच्या फ्लॅटमध्ये एक खोली आहे, तिथं राहायचं, घर बंद ठेवायचं, वाल पदू करील. सोनुबाईंनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. त्या म्हणाल्या, माघापर्यंत थांबा. देवेशनं अट घातली, "ठीक आहे. माघी गणपतीपर्यंत गाडी मला रोज दिसली पाहिजे. एक दिवस जरी नाही दिसली, तरी जागृती येऊन घेऊन जाईल. मग काही बोलायचं नाही."

"नाय बोलत," सोनुबाई म्हणाल्या, आणि मनातल्या मनात महडचा नवस बोलून मोकळ्या झाल्या.

पण पूजा उतरवून राउटर खिडकीत लावला, तरी गाडी दिसेना. राउटरचे दिवे लागले होते. घरचा मोबाईलही नेट घेईना. हर्षला दुसऱ्या दिवशी सकाळीच कर्जतहून आली तेव्हा केबलवाला राउटर उलटासुलटा करून बघत होता.

"मावशी, याच्या मागच्या भोकात काय घातलं होतं?"

"साफ केलं रं. उदबत्तीच्या काडीनं."

केबलवाल्यानं हर्षलाकडे बघितलं. ते भोक म्हणजे राउटरला सगळं विसरायला लावायचं बटन होतं. देवेशनं दिलेलं नाव गेलं होतं, पासवर्ड गेला होता, राउटर कारखान्यातून आल्यासारखा कोरा झाला होता. गाडी बिचारी जुन्या नावाला हाका मारत बसली होती आणि त्या नावाचं आता कुणी नव्हतं.

केबलवाल्यानं राउटर नव्यानं लावून दिला. गाडीचं काम मात्र गाडीत बसूनच करायचं होतं. तो म्हणाला, गाडीतलं मला समजत नाही. हर्षलाला रोज अंगणवाडीची माहिती मोबाईलमध्ये भरावी लागते, त्यामुळे तिला असल्या गोष्टींची भीती नव्हती. तिनं सोनुबाईंना चालकाच्या जागेवर बसवलं आणि स्वतः शेजारी बसली.

"मी कशाला इथं? तू कर ना."

"आज मी करीन, उद्या? मी कर्जतला गेले म्हणजे?"

सोनुबाईंनी पदराला हात पुसले. समोरचा पडदा उजळला. सेटिंगचं चाक, मग वायफायची खूण. ती खूण बघून त्या म्हणाल्या, "हा मोराचा पिसारा." तेव्हापासून त्यांच्यासाठी ते पिसाराच राहिलं. पिसाऱ्यावर बोट ठेवलं आणि जवळपासच्या सगळ्या घरांची नावं खालोखाल आली. हर्षलाचं 'गुरुकृपा', पदूच्या मुलानं ठेवलेलं स्वतःचं, पलीकडच्या किराणावाल्याचं.

"सगळी आळी दिसते गं हितं."

"दिसते. पण आपण आपल्याच दारात जायचं."

आधी गाडीतलं जुनं नाव काढून टाकायचं, मग नवं निवडायचं, मग पासवर्ड. शिवाय आणखी एक बटन होतं, गाडी उभी असतानाही वायफाय चालू ठेवायचं. ते बंद राहिलं तर गाडी झोपली की नेट सुटे. सोनुबाईंनी हे सगळं केलं, हर्षलानं पुसून टाकलं, त्यांनी पुन्हा केलं. इंग्रजी अक्षरं त्यांना भिवपुरीच्या पाट्यांवरून तुटक येत होती. मोठं अक्षर कुठं आणि लहान कुठं, यावर त्या अडत. पासवर्ड त्यांनी स्वतः ठरवला. तो इथं लिहायचा नाही.

शेवटी पिसारा पांढरा झाला. थोड्या वेळानं हंगेरीहून देवेशचा निरोप आला, 'दिसली.'

"आता उतरा," हर्षला म्हणाली.

"थांब की. पुढं बसून कसं वाटतं ते बघू दे."

पुढच्या महिन्यांत सोनुबाईंनी गाडी सांभाळली, ती अखंड दिवा सांभाळावा तशी. लाईट गेली आणि आली की त्या आधी खिडकीत जात, राउटरचे दिवे बघत, मग शेडमध्ये जाऊन पिसारा बघत, आणि मग घरातला पंखा लावत. मांजर राउटरवर ऊब घ्यायला बसायचं, त्याला उठवायचं काम एक वेगळंच. एकदा देवेशचा फोन आला की मागचं दार लागल्यावर पुन्हा उघडायला आज फारच वेळ लागला. सोनुबाई म्हणाल्या, "आज एकादशी हाय. जप जास्त असतो." देवेशनं पुढच्या एकादशीला फोन केला नाही. जागृती मधेमधे येऊन जायची. खोलीला पडदे लावलेत, असं सांगायची. सोनुबाई पडद्याचा रंग विचारायच्या आणि वालाच्या शेंगा द्यायच्या.

सकाळी अंगणवाडीत जाताना हर्षलाची नजर आपोआप शेडकडे जायची. मागच्या काचेत पांढरं डोकं दिसलं, किंवा दार नुकतं लोटलेलं दिसलं, की ती पुढे जायची. तिलाही ती सवय झाली होती. देवेशपेक्षा तिची तऱ्हा फार वेगळी होती असं म्हणता येणार नाही.

आणि माघ उजाडला. गाडी एकही दिवस चुकली नाही. म्हणून त्या दोघी आज या रस्त्यानं चालल्या होत्या.

खालापूर जवळ आलं तसं धुकं विरलं. महडला जाणारी माणसं आता जागोजाग दिसायला लागली. एका टपरीशी दोघींनी चहा घेतला. सोनुबाईंचा उपास होता, चहा चालत होता. त्या बाकावर बसल्या आणि पायाचा तळवा वर करून बघायला लागल्या. टाचेला कच रुतली होती.

"काढू का?"

"राहू दे. परत जाताना चपला हायेत." मग त्याच आवाजात त्या म्हणाल्या, "पौषात आपल्या हितला रस्ता खणला ना जेसीबीनं."

"हो. तुमची केबल तुटली होती बहुतेक."

"तुटलीच होती. चार-पाच दिवस."

हर्षलाचा ग्लास हातातच राहिला. "मग गाडी कशी दिसली त्याला?"

"तुज्या नेटवर होती. पावसाळ्यात माजं बंद होतं तवा तू पासवर्ड दिलावतास, तो पाठ होता. गुरुकृपा दाबलं, घातला. न विचारता घेतलं. रागावलीस का?"

"त्यात रागवायचं काय? सांगायचं तरी. केबलवाल्याला बोलावलं असतं."

"बोलवायला उठता आलं पायजे ना."

टपरीवाल्यानं स्टोव्हला पंप मारला. सोनुबाई तो आवाज थांबेपर्यंत थांबल्या.

"ताप होता मला. थंडी वाजून यायचा. पयल्या दिवशी शेडमधे गेले ती भिंत धरून. पिसारा लावला. गाडीतच पडले, मागच्या सीटवर. बरंच उशिरानं जाग आली. मग घरात येऊन पडले. रोज तसंच. सकाळी जायचं, दार उघडायचं, लावायचं. माळ काय व्हायची नाय. नुसतं दार."

हर्षला आठवून बघत होती. त्या दिवसांत ती रोज शेडवरून गेली होती. दार लोटलेलं बघितलं होतं. एक दिवस काचेत डोकं दिसलं नव्हतं, पण दार दिसलं होतं, आणि पोषण आहाराचा टेंपो यायचा होता म्हणून ती थांबली नव्हती.

"मी शेजारी होते, काकी. चार पावलांवर."

"ठाऊक हाय."

"एक हाक मारायची होती."

"हाक मारली तर तू आली असतीस. मला दवाखान्यात नेलं असतंस. मग देवेशनं तुला विचारलं असतं, आई कशी हाय. आणि तुला खोटं बोलता येत नाय. दसऱ्याला बघितलं ना, खोकला पण सांगून टाकलास."

हे खरं होतं. ती गुरुवार धरणारी बाई आहे, खोटं बोलणं तिला जमत नाही आणि जमावं असं तिला कधी वाटलंही नव्हतं. पण त्या बाकावर बसून तिला एवढं समजलं, की तिच्या खरेपणाच्या भीतीनं एक बाई तापात भिंत धरून चालली होती.

दोघी उठल्या. आता महडचा फाटा लांब नव्हता. सोनुबाई मघापेक्षा हळू चालत होत्या, हर्षला आता त्यांच्या मागे नव्हती, बरोबरीनं चालत होती. चालता चालता सोनुबाईच बोलल्या.

"काल देवेशचा फोन होता. म्हटलं, झाला माघ, सुटले. तो म्हणतो, गाडी दिसली हे खरं, पण मला झोप लागत नाय. घरात कॅमेरा लावू, नायतर पनवेल."

"कॅमेरा? घरात?"

"तेच म्हटलं. मी काय बँक हाय? कॅमेरा लावलास तर मी परसात जाऊन बसंन." त्या थोडं चालल्या. "मग मी त्याला तापाचं सांगितलं."

हर्षला थांबली. "सांगितलंत?"

"सांगितलं. आज देवापुढं उभी राहणार, पोटात ठेवून कशी जाऊ? नवस फेडायचा तो गाडी दिसली म्हणून. आणि ती तर मीच दाखवलीवती. तो म्हणाला, म्हणजे मला गाडी दिसत होती आणि तू दिसत नव्हतीस. म्हटलं हो रं बाबा. मग म्हणाला, आता सांग मी काय करू."

पुढून बायकांचा एक घोळका गजर करत गेला. सोनुबाईंनी त्यांना वाट दिली आणि हात जोडले.

"मी रात्रभर विचार केला," त्या म्हणाल्या. "तो हंगेरीत बसून बघतो. त्याला काय दिसलं नाय तर त्याला तिथनं नुसतं घाबरता येतं. जागृतीला पनवेलमधनं नुसतं रडता येतं. पदू पारय घेऊन येतो. बघणाऱ्याला उठून येता आलं पायजे, हर्षला. नायतर बघून काय उपेग? आज निघायच्या आधी त्याला तेवढंच सांगितलं, तिकडं रात्र, पण जागाच होता. तो म्हणतो, गाडीत दुसऱ्या माणसाचा नंबर घालता येतो. हर्षलाताई घेत असेल तर मी पनवेलचं नाव काढणार नाय, कॅमेऱ्याचं पण नाय. पण तिला विचार, म्हणतो. गळ घालू नको."

फाटा आला. दोघी वळल्या. रस्ता अरुंद झाला, दोन्ही बाजूंना नारळाची आणि फुलांची दुकानं लागली, आणि रांगेचं शेपूट दिसायला लागलं. सोनुबाईंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"म्हणून विचारते. ती गाडी तुज्या मोबाईलमधे घे. सकाळी मागचं दार उघडलं का, तेवढं तू बघ. उघडलं तरी कधीमधी डोकावून जा, नुसत्या दाराचा भरवसा नाय, ते तुला आता कळलं. आणि नाय उघडलं तर देवेशला फोन करायच्या आधी माज्या दारात ये. ये, मला बघ, मग त्याला काय सांगायचं ते खरं खरं सांग, मी अडवणार नाय. पण आधी ये. घेशील का?"